जुने कौटुंबिक अल्बम आणि अभिलेखागार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला जुना अल्बम अभिलेखागाराकडे सोपवू पाहणारे, तो घरीच नीट ठेवू पाहणारे आणि अभ्यासासाठी असे अल्बम बघायला जाणारे, अशा तिघांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या घराण्यात कुणी नामांकित नाही. तरी आमचा अल्बम घेतील का?

मोठं नाव असण्याची अट बहुतेक ठिकाणी नसते. माणसं, ठिकाणं आणि सालं यांची किती माहिती सोबत येते, अल्बम लावला तसाच शिल्लक आहे का आणि संस्थेच्या संग्रह-धोरणात तो बसतो का, हे बघितलं जातं. ओळख न पटणाऱ्या तीनशे फोटोंपेक्षा नावं-गावं लिहिलेले चाळीस फोटो केव्हाही जास्त कामाचे. अल्बम उचलून थेट दारात जाऊ नका. आधी अल्बमची लांबी-रुंदी, पानांची संख्या, फोटोंचा अंदाजे आकडा, साधारण काळ आणि चार-पाच पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवा. नकार आलाच तर कारण बहुधा जागा, थंड साठवण किंवा सूची करायला माणसं नसणं, यांपैकी काहीतरी असतं. तेव्हा दुसरी संस्था कोणती, हे तिथेच विचारून घ्या.

२. अल्बम जड आहे आणि पानं मोडकळीला आली आहेत. फोटो काढून सुटे दिले तर चालतील का?

तुम्ही स्वतः काढू नका. इथल्या सगळ्या उत्तरांत जर काही एक पक्कं धरायचं असेल तर ते हे, कारण हे नुकसान नंतर कुणालाच भरून काढता येत नाही.

कुणाचा फोटो कुणाच्या शेजारी लावला, पहिल्या पानाचा मान कुणाला दिला, कुणाच्या हस्ताक्षरात ओळी आहेत, मधेच शाई कुठे बदलली, ही सगळी माहिती अल्बमच्या मांडणीत असते. फोटो सुटे झाले की ती जाते. पान १२ वरच्या अनोळखी माणसाचं नाव बऱ्याचदा पान ११ वरच्या समूह-फोटोमुळे कळतं. अभिलेखागारांत हा नियम जुना आहे. एका उगमाची कागदपत्रं दुसऱ्यांत मिसळायची नाहीत, हे फ्रान्समध्ये १८४१ साली लेखी झालं आणि मूळ क्रम मोडायचा नाही, हे प्रशियाच्या सरकारी अभिलेखागारात १८८१ साली.

अपवाद आहेत. पानच फोटोला खात असेल तर तज्ज्ञ अल्बम उकलतात, पण त्याआधी प्रत्येक पान पूर्ण टिपून घेतात आणि प्रत्येक फोटोला पान व जागेचा क्रमांक देतात. अशी वेळ प्रामुख्याने प्रश्न ८ मधल्या अल्बमांवर येते.

३. काही जागा रिकाम्या आहेत आणि एका फोटोतला चेहरा कात्रीने कापलाय. ती पानं काढून टाकू?

अजिबात नको. रिकामी जागा बरंच सांगते. फोटोखाली झाकलेला कागद आजूबाजूच्या कागदापेक्षा वेगळ्या रंगाचा राहतो, त्यामुळे आयताचं माप घेता येतं. ते ६ × ९ सेंटिमीटर असेल तर तिथे बहुधा त्याच मापाच्या रोल फिल्मवरून थेट छापलेला फोटो होता. फोटो अडकवायचे चारही कागदी कोपरे जागेवर असतील तर फोटो अलगद काढून घेतला गेला. डिंकाच्या डागात फोटोमागच्या कागदाचे तंतू अडकले असतील तर तो ओढून फाडला गेला. खाली लिहिलेली ओळ तर बहुधा तशीच राहिलेली असते.

हरवलेला फोटो दुसरीकडे सापडला तर तो परत चिकटवू नका. वेगळ्या पाकिटात ठेवा, पाकिटावर 'पान ७, वरून दुसरी जागा, बहुधा इथला' असं लिहा. रिकाम्या जागा भरायला भलतेच फोटो लावणं हा त्याहून वाईट उद्योग.

४. देण्याआधी घरी साफसफाई करावी का?

बाहेरच्या पुठ्ठ्यावरची धूळ सुक्या मऊ ब्रशने झटका, तेवढं पुरे. ओल्या फडक्याने फोटो पुसला की वरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर फुगतो, चिकट होतो आणि बोटाचा ठसा त्यात कायमचा बसतो. सेलोटेप, लॅमिनेशन, 'नव्या छान अल्बममध्ये' फोटो हलवणं, या तीन गोष्टी प्रेमापोटी होतात आणि सगळ्यात जास्त नासाडी त्यांनीच होते.

कव्हरपासून शेवटच्या पानापर्यंत, रिकामी पानं धरून, क्रमाने मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पानांत सुटे फोटो, चिठ्ठ्या, वाळलेली फुलं सापडली तर कुठल्या दोन पानांमध्ये होती ते चिठ्ठीवर लिहून तिथेच राहू द्या. मग अल्बम धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून खोक्यात आडवा ठेवा. उभा ठेवला तर पानांचं वजन बांधणीवर येतं. रबरबँड लावू नका, कारण ते वितळून चिकटतं आणि त्यातल्या गंधकाने फोटो काळपटतात.

५. फोटोमागे नावं लिहायची आहेत. कशाने लिहू?

जुन्या कागदी फोटोवर मऊ पेन्सिलीने, २बी चालेल. फोटो स्वच्छ काचेवर पालथा ठेवून, कडेजवळ, हात हलका ठेवून लिहा. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उठते आणि फेल्टपेनची शाई आरपार येते. प्लॅस्टिकच्या थराचे नवे फोटो पेन्सिल धरत नाहीत. त्यांच्यासाठी कागदी पाकिटावर आधी लिहून मग फोटो आत घालणं सगळ्यात सुरक्षित. चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या लावू नका, त्यांचा गोंद मागे राहतो.

अल्बममध्ये लावलेल्या फोटोंसाठी मात्र वेगळी यादी करा: पान, जागा, माणसं डावीकडून उजवीकडे. 'ताई', 'छोटे काका' असं लिहिलं तर दोन पिढ्यांनंतर ते कोडं होऊन बसतं, म्हणून पूर्ण नाव, स्त्रियांचं माहेरचं नावही, आणि अंदाजे साल लिहा. अंदाज असेल तिथे 'बहुधा' लिहा आणि माहिती कुणी दिली तेही. अल्बममधल्या जुन्या ओळी चुकीच्या वाटल्या तरी खोडू नका, दुरुस्ती यादीत करा.

६. फोटो कोणत्या काळातला हे कसं ओळखायचं?

कपडे आणि केशरचना बघण्याआधी फोटो कशावर आहे ते बघा. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं.

आरशासारखा पत्रा, जो तिरपा केला की चित्राची काळी-पांढरी बाजू उलटते, तो डॅगेरोटाइप: १८३९ नंतरची सुमारे वीस वर्षं. पातळ लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप १८५६ नंतरचा. त्याला चुंबक लागतो, पण चुंबक फोटोवर घासू नका, मागून जवळ नेलात तरी कळतं. गडद निळा फोटो म्हणजे सायनोटाइप, त्याची पद्धत १८४२ ची.

कागदावरच्या तपकिरी फोटोंत गोंधळ होतो. भिंगातून कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील, पांढरे भाग पिवळसर असतील आणि पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर तो बहुधा अंड्याच्या बलकाशिवायच्या पांढऱ्या भागाने लेपलेला अल्ब्युमेन प्रिंट आहे. ही पद्धत १८५० साली आली आणि १८९० च्या दशकापर्यंत तिचंच राज्य होतं. सुमारे ६.३ × १० सेंटिमीटरचा पुठ्ठा असेल तर ते 'कार्त द व्हिझित', ज्याचं पेटंट १८५४ चं. सुमारे ११ × १६.५ सेंटिमीटरचं कॅबिनेट कार्ड १८६० च्या दशकात आलं. जाड पानांना खिडक्या पाडलेले अल्बम याच दोन मापांसाठी बनत. तंतू दिसत नसतील, मधे पांढरा गुळगुळीत थर असेल, तर फोटो साधारण १८८५ नंतरचा, बहुधा जिलेटिनचा. १८८८ मध्ये कोडॅकचा कॅमेरा आला आणि घरच्या लोकांनी काढलेले, वाकडेतिकडे, हसरे फोटो अल्बमांत शिरू लागले. रंगीत निगेटिव्हवरून छापलेले घरगुती फोटो १९४२ नंतरचे. पाठीला प्लॅस्टिकसारखा स्पर्श असलेले फोटो सर्रास दिसतात ते १९७० च्या दशकापासून.

चकवे तीन आहेत. पांढऱ्या कडेवर छापलेला महिना-साल हा फोटो धुतल्याचा असतो, काढल्याचा नाही, आणि रोल कॅमेऱ्यात वर्षभर पडून राहिलेला असू शकतो. अल्बमवर कोरलेली पेटंटची तारीख त्या अल्बमचं वय सांगत नाही. आणि जुन्या फोटोची नंतर काढलेली प्रत नव्या कागदावर असते. भिंगात ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटोच नाही, छापखान्यातलं चित्र आहे.

७. फोटोतल्या कुणाचीच नावं आम्हाला माहीत नाहीत. काय करायचं?

तसाच द्या, पण अल्बम तुमच्याकडे कुणाकडून आला ती साखळी लिहून द्या. स्टुडिओचं नाव, पुठ्ठ्यामागचा पत्ता आणि मागे लिहिलेला निगेटिव्हचा क्रमांक यांवरून काळ पुष्कळ आवळता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना मूळ अल्बम हाताळायला न देता स्कॅन मोठ्या पडद्यावर दाखवा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. नावापेक्षा 'हे घर विकलं त्याच्या आधीचं' अशी वाक्यं जास्त उपयोगी पडतात.

८. पारदर्शक प्लॅस्टिकखालच्या चिकट पानांवर फोटो घट्ट बसले आहेत. काढायचे कसे?

१९६० ते १९९० च्या दशकांतले हे अल्बम सोयीचे म्हणून घरोघरी पोचले. फोटोंच्या दृष्टीने इतकी वाईट वस्तू क्वचितच विकली गेली असेल. पानावर गोंदाच्या आडव्या रेघा असतात, खाली आम्लयुक्त पुठ्ठा, वर अनेकदा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा पडदा. काळ जाईल तसा गोंद दोनपैकी एक वाट धरतो: सुकून फोटो गळायला लागतात, किंवा दगडासारखा घट्ट होतो. रेघांचे पिवळे पट्टे फोटोवर उमटतात.

इथे प्रश्न २ चा नियम थोडा वाकतो, कारण या पानांत फोटो ठेवणं हेच धोक्याचं. तरी क्रम टिपल्याशिवाय हात लावू नका. पडदा उघडून संपूर्ण पान टिपा. मग सगळ्यात कमी महत्त्वाचा फोटो घ्या. मेण नसलेला, दातांच्या फटीत फिरवायचा दोरा (डेंटल फ्लॉस) कोपऱ्याखाली घालून, करवतीसारखा मागेपुढे ओढत, पानाला समांतर पुढे न्या. फोटो वाकवून वर उचलायचा नाही, वाटल्यास पान खाली वाकवा. जिथे अडेल तिथे थांबा आणि समोरच्या कोपऱ्यातून या. हेअर ड्रायर वापरायचा सल्ला सगळीकडे दिसतो, पण उष्णतेने गोंद सैल होऊन कागदात झिरपतो आणि रंगीत फोटोचा थरही मऊ पडतो. पाणी आणि गोंद काढायची रसायनं तर नकोतच.

फोटो येत नसेल तर पडदा कापून काढा, फोटोभोवतीचं पान कात्रीने कापून तेवढा तुकडा तसाच पाकिटात ठेवा. मागे पुठ्ठा राहिलेला फोटो चालतो, फाटलेला नाही.

९. काळ्या पानांचा अल्बम आहे, पानं कडेला भुगा होतात. मधे बटर पेपर घालू?

काळी पानं स्वस्त लाकूड-लगद्याची असतात, त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे ती ठिसूळ होतात. फोटो मात्र त्यांवर बऱ्याचदा ठणठणीत असतात, म्हणून घाईने काही करू नये. जुन्या अल्बमांत दिसणारा गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद दमटपणात वेडावाकडा होतो आणि फोटोला चिकटतो. बाजारचा बटर पेपरही साठवणीसाठी तपासलेला नसतो. प्रश्न १० मधली छायाचित्र-चाचणी पास झालेला अगदी पातळ, साधा टिश्यू घाला, आणि तोही समोरासमोरचे फोटो एकमेकांना घासत असतील तिथेच. सगळ्या पानांत कागद घातला की अल्बम फुगतो, मिटत नाही आणि बांधणी तुटते. पुठ्ठा सपाट मिटला नाही तर कागद जास्त झाला असं समजा.

१०. 'ॲसिड-फ्री' लिहिलेली पाकिटं-खोकी घेतली. तेवढं पुरे का?

पुरे नाही. कागद आम्लमुक्त असूनही त्यातला रंग, गोंद किंवा गंधक फोटोला बाधू शकतो. विचारायचं ते असं: छायाचित्र-सक्रियता चाचणी, म्हणजे आयएसओ १८९१६, यात माल पास आहे का? या चाचणीत साहित्य आणि नमुना-थर एकत्र ठेवून उष्ण-दमट हवेत वेगाने म्हातारे केले जातात आणि डाग किंवा फिकेपणा येतो का ते मोजलं जातं. प्लॅस्टिकमध्ये पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन चालतात. पीव्हीसी चालत नाही. न्हाणीघराच्या नव्या प्लॅस्टिक पडद्यासारखा उग्र वास येत असेल तर ते बहुधा तेच. सायनोटाइपना अल्कधर्मी कागद मानवत नाही, त्यांना साधा, बफर (आम्ल मारणारा क्षार) न घातलेला कागद द्या.

११. किती तापमान आणि किती दमटपणा चालतो?

सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के, तापमान २० अंश सेल्सिअसच्या आत आणि शक्य तितकं स्थिर. अभिलेखागारात रंगीत फोटो आणि फिल्म याहून पुष्कळ थंड ठेवतात, फिल्मसाठी २ अंश किंवा त्याहूनही कमी. घरी हे आकडे गाठता येत नाहीत, पण वाईट जागा टाळता येतात: माळा, तळघर, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या शेजारची खोली. आतल्या भिंतीलगतच्या कपाटाचा मधला कप्पा बरा. जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे पाणी शिरलं तर वेळ मिळतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण. अगदी कोरड्या हवेतही थर आखडतो आणि भेगा जातात. कसर आणि झुरळं जिलेटिन व खळ खातात, म्हणून कपाटात खाण्याचं काही नको. डांबरगोळ्याही नकोत. स्वस्त आर्द्रतामापक एक आत ठेवून द्या, अंदाजाने बोलण्यापेक्षा ते बरं.

१२. फोटोच्या काळ्या भागावर आरशासारखी चकाकी आलीय, आणि रंगीत फोटो लालसर झालेत. हे थांबवता येईल?

चकाकी म्हणजे फोटोतली चांदी पृष्ठभागावर येऊन बसलेली. दमट, प्रदूषित हवा आणि वाईट पुठ्ठा ही कारणं. ती घासून काढली तर फोटोचाच भाग जातो. तशीच ठेवा, स्कॅन करताना प्रकाशाचा कोन बदला म्हणजे ती कमी दिसते.

लालसरपणा अंधारातही येतो, कारण जुन्या रंगीत फोटोंतले निळसर आणि पिवळे रंगद्रव्य किरमिजीपेक्षा आधी विरतात. मागे फिरवता येत नाही, फक्त वेग कमी करता येतो: तापमान साधारण ५-६ अंशांनी उतरलं की आयुष्य अंदाजे दुप्पट होतं. म्हणून रंगीत अल्बम काळ्या-पांढऱ्याच्या आधी स्कॅन करा. सायनोटाइप फिका पडला असेल तर मात्र त्याला अंधारात राहू द्या, प्रकाशाने गेलेला निळा रंग काही प्रमाणात परत येतो.

१३. पानांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते. पुसू का?

आधी वेगळं करा. अल्बम कागदी खोक्यात घालून बाकीच्या संग्रहापासून दूर, कोरड्या खोलीत न्या. पिशवीत बंद करून तिथेच ठेवला तर आतल्या ओलीवर बुरशी वाढतच राहते. एन९५ मास्क आणि नायट्राइल हातमोजे घाला. दमा असलेल्यांनी हे काम करू नये.

ओलसर, चिकट बुरशी जिवंत असते. पुसलीत तर ती जिलेटिनमध्ये चोळली जाते. हवा खेळती ठेवून ५० टक्क्यांच्या खाली आर्द्रता आणा आणि बुरशी कोरडी, पिठूळ होईपर्यंत थांबा. मग मोकळ्या हवेत, पान आडवं धरून, पुठ्ठ्यावरची आणि पानांच्या कडांवरची बुरशी मऊ ब्रशने स्वतःपासून दूर झटका. फोटोच्या थरावरची तज्ज्ञांसाठी ठेवा, कारण बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळायला लागतं. उन्हात वाळवणं हा उपाय नाही. बुरशी थांबेल, फोटो उडेल. आणि देताना हे लपवू नका: एक बुरशीचा अल्बम आख्खं दालन बिघडवू शकतो, म्हणून संस्था असा माल आधी विलगीकरणात घेतात.

१४. अल्बम पाण्यात भिजला. पहिल्या काही तासांत काय करायचं?

भिजलेले फोटो एकमेकांना टेकून सुकले की जन्माचे चिकटतात, त्यामुळे ओला अल्बम मिटून ठेवू नका आणि ओढून उघडूही नका. वेळ साधारण ४८ तासांची, उष्ण हवेत त्याहून कमी.

थोडेच फोटो असतील तर पान टिपून, फोटो स्वच्छ थंड पाण्यात अलगद सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून शोषक कागदावर, सावलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर सुकवा. चित्राच्या बाजूला बोट लावू नका. कडा वळल्या तरी चालेल, सपाट नंतर करता येतं. पाण्यातही दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवले तर थर सुटायला लागतो. सगळं एकदम झेपणार नसेल तर मेणकागद मधे घालून, लहान गठ्ठे करून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवणं म्हणजे उसंत मिळवणं, पुढचं काम तज्ज्ञांकडे.

टिनटाइप, काचेवरचे ॲम्ब्रोटाइप आणि डॅगेरोटाइप यांना हे लागू नाही. ते गोठवायचे नाहीत, पाण्यातही ठेवायचे नाहीत. लगेच, चित्र वर करून, हवेवर सुकवा.

१५. अल्बमच्या खिशात निगेटिव्ह सापडल्या, व्हिनेगरसारखा वास येतो.

तो वास ॲसिटेट फिल्म कुजण्याचा. त्यातून निघणारं आम्ल कुजणं आणखी वाढवतं आणि शेजारच्या फोटोंनाही बाधतं, म्हणून निगेटिव्ह लगेच वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर अल्बमचं पान लिहा. अभिलेखागारं ए-डी पट्ट्या वापरून कुजण्याची पातळी मोजतात. निळी पट्टी हिरवी आणि मग पिवळी होते.

कडेला 'नायट्रेट' छापलेलं दिसलं, किंवा फिल्म १९५० च्या सुमाराच्या आधीची, तपकिरी, चिकट असेल तर ती उन्हात, दिव्याजवळ किंवा गाडीत ठेवू नका. नायट्रेट पेटलं की स्वतःच प्राणवायू सोडतं, त्यामुळे झाकून किंवा गुदमरवून विझत नाही. टपालाने तर पाठवूच नका, आधी संस्थेला कळवा. 'सेफ्टी' लिहिलेली फिल्म अशी पेट घेत नाही, पण व्हिनेगरचा वास तिलाच येतो.

१६. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला आहे.

काचेसकट स्कॅन करा आणि तसाच ठेवा. दमटपणात जिलेटिन काचेला बसतं, सुरीने सोडवायला गेलं की चेहरा काचेवर राहतो.

१७. स्कॅन किती रेझोल्यूशनवर करू?

आधी पूर्ण पान, मग हवे ते फोटो वेगळे. पूर्ण पानासाठी ४०० पीपीआय (इंचामागे पिक्सेल), लहान फोटोंसाठी ६००. हिशेब असा: ६ × ९ सेंटिमीटरचा फोटो ६०० वर सुमारे १४०० × २१०० पिक्सेल होतो, म्हणजे मूळच्या दुप्पट-तिप्पट मापात छापायला पुरेसा. ३० × २५ सेंटिमीटरचं पान ४०० वर, २४ बिट रंगात, कॉम्प्रेशन न करता टिफ फाइलमध्ये ठेवलं की सुमारे ५६ एमबी होतं, साठ पानांचा अल्बम साडेतीन जीबीच्या आत. काळे-पांढरे फोटोही रंगीतच स्कॅन करा, पिवळेपणा आणि शाई हीसुद्धा माहिती आहे. 'आपोआप सुधारणा' आणि धूळ काढण्याची सोय बंद. फायलीचं नाव 'अल्बम-०१_पान-१२_फोटो-०३' असं. पाठवायला जेपेग वेगळे करा.

बांधणी कडक असेल तर अल्बम स्कॅनरवर उलटा दाबू नका. वरून कॅमेऱ्याने, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून टिपा. पानं आपोआप ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये जुना फोटो कधीच घालू नये. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी.

१८. स्कॅन झाल्यावर मूळ अल्बम कशाला ठेवायचा? आणि एआयने चेहरे साफ केले तर?

स्कॅनमध्ये कागदाचा पोत, थरांची रचना, चिकटवलेल्या फोटोची पाठ यांतलं काही येत नाही, आणि प्रश्न ६ मधल्या निम्म्या खुणा स्कॅनवर दिसतच नाहीत. मूळ ठेवा.

एआयने 'दुरुस्त' केलेला अस्पष्ट चेहरा हा त्या माणसाचा चेहरा नसतो, यंत्राने रचलेला असतो. रंग भरलेल्या साडी-कोटाचेही तेच. हौस म्हणून करा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात तसं लिहून. अभिलेखागाराला फक्त मूळ स्कॅन द्या.

१९. देणगी आणि ठेव यांत फरक काय? हक्क कुणाकडे राहतात?

देणगीत मालकी संस्थेकडे जाते, ठेवीत तुमच्याकडे राहते. ठेव परत मागता येते, म्हणून खर्चिक जतनकामासाठी संस्था देणगीला झुकतं माप देतात. दोन्हींत लेखी करार घ्या. त्यात तीन गोष्टी बघा: डिजिटल प्रत कुठे दाखवणार, जे संस्थेला नको ते परत देणार का, आणि तुम्हाला स्कॅन मिळणार का.

अल्बम तुमचा असला तरी फोटोंचा कॉपीराइट तुमचा असेलच असं नाही. स्टुडिओत काढलेल्या फोटोचा हक्क देशाच्या कायद्याप्रमाणे छायाचित्रकाराचा किंवा पैसे देणाऱ्याचा असतो. बर्न करारात छायाचित्रांसाठी काढल्यापासून किमान २५ वर्षांचं संरक्षण आहे, बऱ्याच देशांत मुदत पुष्कळ मोठी आहे. नसलेला हक्क करारात देऊन टाकू नका. 'माझ्याकडे जे हक्क आहेत ते' एवढंच लिहा.

२०. काही फोटो खाजगी आहेत. ते काढून घेऊ की अल्बमच देऊ नको?

मधला मार्ग आहे: ठरावीक पानं ठरावीक सालापर्यंत बंद. सही करताना पानांचे क्रमांक आणि बंदी उठण्याचं साल स्पष्ट लिहा. 'कायमची बंद' असं बहुतेक संस्था मान्य करत नाहीत. हयात माणसं, आजारपण, लहान मुलांचे उघडे फोटो, यांबद्दल आधीच सांगा. कपाटात बंद ठेवणं आणि इंटरनेटवर न टाकणं या दोन वेगळ्या अटी आहेत, दोन्ही वेगवेगळ्या लिहून घ्या.

२१. भावंडांनी अल्बमची पानं वाटून घ्यायचं ठरवलंय.

पानं नको, स्कॅन वाटा. वाटणी आधीच झाली असेल तर प्रत्येकाकडची पानं टिपून एकच क्रमवार प्रत करा, आणि कुठलं पान कुणाकडे ते लिहा. देणगीपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या घेतल्या तर पुढचे वाद टळतात.

२२. अल्बममध्ये पोलरॉइड आणि घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटोही आहेत. त्यांना वेगळे नियम?

हो. पोलरॉइडसारखे झटपट फोटो, ज्यांत रसायन आतच असतं, ते कापू नका, वाकवू नका, गोठवू नका. इंकजेट प्रिंट पाण्याने आणि ओझोनने लवकर बिघडतात, तेव्हा प्रश्न १४ मधलं पाण्यात सुटं करणं त्यांना चालत नाही. ओले असतील तर तसेच सुकवा. मूळ डिजिटल फाइल असेल तर तीच द्या, प्रिंट सोबत.

२३. अल्बम बघायला गेलो तर हातमोजे घालायचे का? दिलेला अल्बम कार्यासाठी घरी आणता येतो का?

फोटोला हात लागणार असेल तर नायट्राइलचे मोजे. सुती मोज्यांत पकड सुटते आणि धागे कोपऱ्यांत अडकतात. नुसती पानं उलटायची तर धुऊन कोरडे केलेले हात पुष्कळ ठिकाणी चालतात, तिथला नियम विचारा. टेबलावर फोमच्या उतरत्या आधारावर अल्बम उघडा, पान वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून उचला, फक्त पेन्सिल वापरा, फ्लॅश नको. थंड दालनातून येणारा अल्बम खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद ठेवतात, नाहीतर त्यावर दव धरतं. त्यामुळे आदल्या दिवशी मागणी नोंदवा.

देणगी दिलेली वस्तू सहसा घरी मिळत नाही. मोठ्या कार्यासाठी फोटो हवे असतील तर संस्थेकडून चांगल्या प्रती छापून घ्या, आणि तशी सोय करारातच लिहून ठेवा.